गोल्फ कार्टला (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाडीला) लावलेलं वाळू ढकलायचं पातं जांभ्यावर अडकत असेल तर (माझा अनुभव)

तारकर्लीकडच्या आमच्या निवासाच्या जांभ्याच्या वाटेवर वारा सुरूच्या बनातून वाळू आणून टाकतो. बर्फाच्या देशांत गोल्फ कार्टला घरीच पातं जोडून बर्फ ढकलतात, तीच रचना मी वाळूसाठी केली. पण पातं चिऱ्यांच्या सांध्यात रुतायचं, कार्ट हिसका देऊन थांबायची आणि बंपर वाकायचा.

पात्यावर वजन ठेवलं, धार लावली. ते आणखीच रुतलं. जीव मेटाकुटीला आला होता.

जमलं ते या क्रमाने. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग कंट्रोलरच्या (मोटरला जाणारी वीज सांभाळणाऱ्या भागाच्या) वायरी सोडवल्या. कारण जोडकामात वेल्डिंग असेल तर त्याचा करंट कंट्रोलर जाळू शकतो. पातं बंपरला जोडलेलं होतं, तो जोड काढून टाकला आणि दोन चौकोनी पाइप गाडीखालून थेट चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) आडव्या पट्टीला जाड पिनांनी जोडले. यानेच खरा फरक पडला: धक्का चासी घेते आणि पातं जमिनीप्रमाणे वरखाली होतं. उचलायला वरून साखळी. पात्यासाठी २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम उभा कापला, मागे लोखंडी चौकट दिली. खालच्या कडेला जुन्या कन्व्हेयर बेल्टची (कारखान्यात माल वाहणाऱ्या जाड रबरी पट्ट्याची) पट्टी बसवली, दोन बोटं खाली येईल अशी. आता सांध्यावर रबर वाकतं, गाडी थांबत नाही. शेवटी पातं साधारण ३० अंश तिरकं केलं, म्हणजे वाळू कडेला पडते.

बोल्ट स्टेनलेसचेच घ्या, खाऱ्या हवेत साधे लवकर गंजतात. ओली वाळू थोडी थोडीच ढकला, नाहीतर मोटर तापते.