मासेमारीचा रॉड बांधायला बसायच्या आधी कापायच्या हत्यारांची तयारी

परवा एका मित्राने आयुष्यातला पहिला ब्लँक (म्हणजे रॉडची नुसती पोकळ कार्बनची काठी) मागवला, सात फुटी, मीडियम हेवी ताकदीचा, मरळ माशासाठी. गाइड (मासेमारीची दोरी ज्यातून जाते त्या कड्या), त्या ब्लँकला बांधायचा दोरा, रीलसीट (रील बसवायची जागा), मुठीचा कॉर्क, दोऱ्यावर चढवायचं इपॉक्सी सगळं घरी आलं आणि शनिवारी रात्री बसतो म्हणाला. मी विचारलं कापायला काय घेतलंस, तर म्हणे घरात कटर आहे की. तो कागद कापायचा पिवळा कटर, कुरिअरचे खोके फोडून फोडून धार गेलेला. त्याला तिथेच थांबवलं आणि त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण पुण्यात आता बरेच जण स्वतः रॉड बांधायला लागलेत आणि खर्च सगळा ब्लँकवर करतात, ब्लेडचा विचार सगळ्यात शेवटी.

माझा स्वतःचा एक रॉड उजनीच्या बॅकवॉटरला तुटला होता, तिसऱ्या गाइडच्या पायाशी (ब्लँकवर टेकणारी त्याची धातूची पट्टी) बरोब्बर, आणि मासा काही फार मोठा नव्हता. घरी येऊन इपॉक्सी खरवडून बघितलं तर दोऱ्याखाली ब्लँकवर आडवा ओरखडा. माझाच, बांधताना पडलेला. होतं असं की ब्लेड बोथट असलं की आपण जोर लावतो, दोरा एकदम तुटतो आणि तो सगळा जोर घेऊन ब्लेड ब्लँकवर आदळतं. कार्बनचे बहुतेक तंतू लांबीच्या दिशेने जातात, त्यांना आडवं कापलं की तिथे ताकद संपली, आणि वरून इपॉक्सी चढल्यावर ते दिसतही नाही. म्हणून धार हवी ती जोर लावायलाच लागू नये म्हणून.

तर सगळ्यात आधी दाढीच्या दुधारी ब्लेडची दोन पाकिटं. दोऱ्याचं शेवटचं टोक कापायला यापेक्षा चांगलं काही मला तरी मिळालेलं नाही, जाडी फक्त 0.1 मिलिमीटरच्या आसपास असते, कटरचं 18 मिलिमीटरचं ब्लेड साधारण 0.5 जाड असतं म्हणजे पाचपट, ते शेजारच्या वेढ्यात घुसतंच. पण दुधारी ब्लेड नुसतं बोटात धरू नका, सलूनवाले करतात तसं कागदाच्या वेष्टणातच मधून दुमडून अर्धं करा आणि त्यांच्यासारखाच वस्तरा घ्या, ज्यात अर्धं ब्लेड बसतं. दांडा मिळतो, बोटं वाचतात आणि हात स्थिर राहतो. नव्या ब्लेडला कधी तेलाचा हात असतो, कधी कागदाला चिकटवलेल्या मेणाचा ठिपका असतो, ते दोऱ्याला लागलं तर इपॉक्सी त्या जागी धरत नाही, खड्डे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ब्लेड बुडवून वाळवून घ्या, धारेवरून फडकं फिरवू नका. आणि एका गाइडला एक कोपरा, पुढच्या गाइडला दुसरा कोपरा, मग ब्लेड बाद. कंजुषी करायची जागा ही नाही.

कापायची पद्धतही आधी तुटक्या रॉडच्या तुकड्यावर करून बघा. लूपने (वेढ्यांखाली आधीच ठेवलेल्या दोऱ्याच्या फासाने) टोक वेढ्यांखालून ओढून घेतलं की ते सरळ वर ताणून धरायचं, ब्लेड जवळजवळ आडवं ठेवायचं, धार ब्लँककडे नाही तर दोऱ्याकडे, आणि फक्त टेकवायचं. ताणलेला दोरा स्वतःच कापला जातो. दाबावं लागलं तर ब्लेड बदला.

दुसरं सर्जिकल ब्लेड. कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात तीन नंबरचा हँडल आणि अकरा नंबरची ब्लेडं मागा, चार नंबरचा हँडल घेऊ नका, त्याला वीसच्या पुढची मोठी ब्लेडं बसतात. अकरा नंबरचं टोकदार असतं, राहिलेला एखादा तंतू उचलायला आणि मास्किंग टेप कापायला (टेप काचेवर कापून मग लावायची, ब्लँकवर लावून नाही). कार्बन स्टीलचं ब्लेड धारेला सरस पण पुण्याच्या पावसाळ्यात गंजतं, पाकीट फोडलं की वापरून संपवा. जुना गाइड काढायचा असेल तरी हेच, पण धार नेहमी गाइडच्या धातूच्या पायावर चालवायची, लांबीच्या दिशेने, म्हणजे खाली ब्लँकऐवजी धातू असतो, आणि आधी हेअर ड्रायरने इपॉक्सी थोडं गरम करून घ्या.

कात्री एक छोटी टोकदार, भरतकामाची, तुळशीबागेत मिळते, रीळावरून दोरा तोडायला. तिने फक्त दोराच कापायचा, घरच्यांनाही सांगून ठेवा. हिला धार लावायला दारावरच्या धारवाल्याकडे देऊ नका, चाकावर ती तापते आणि एवढ्याशा पात्याचा कोन जातो.

आता ब्लँक कापायचं. पाइप कटर अजिबात नाही, तो दाबून कापतो आणि पोकळ ब्लँक चिरडतो. बोहरी आळीत हॅकसॉचं 32 दात्यांचं ब्लेड मागा, म्हणजे इंचाला 32 दाते, किंवा मिनी ग्राइंडर असेल तर डायमंडची पातळ चकती. खुणेवर मास्किंग टेपचे दोन वेढे, ब्लँक गोल फिरवत आधी सगळीकडून उथळ खाच आणि मग हळूहळू आरपार. एकाच बाजूने थेट कापलं तर पलीकडे तंतू उचकटतात. कापायचं ते बुडाकडून, टोकाकडून इंचभर जरी गेलं तरी रॉड कडक होतो आणि हलकं ल्यूर (नकली आमिष) फेकायला जड जातं. एन95 मास्क घाला, जागा ओली ठेवा, गॅलरीत करा, कार्बनची धूळ घशात आणि कातडीत दोन्हीकडे त्रास देते, आणि ती वीज वाहून नेते म्हणून स्विचबोर्डजवळ नकोच.

कानस विसरतात लोक. गाइडच्या पायाचं टोक जाड असतं, बारीक सपाट कानशीने ते निमुळतं केलं की दोरा सुरळीत चढतो, आणि पायाच्या खालच्या बाजूला कोर राहिलेली असते ती नखाने तपासून काढा, ती रॉड वाकताना रोज थोडं थोडं ब्लँकला खात असते. कॉर्कचं भोक मोठं करायला गोल कानस. बाकी कॉर्कला सँडपेपर पुरे.

टेबल लॅम्प, भिंग, बँडेज हाताशी.

आणि एक झाकणाचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली, बाद ब्लेड लगेच त्यात. पुण्यात कचरा घ्यायला दारात येणाऱ्या ताई तो हाताने निवडतात, सुटं ब्लेड कागदात गुंडाळून टाकलं तरी त्यांचा हात कापतो. डबा भरला की चिकटपट्टीने सगळीकडून बंद करा, वर मार्करने मोठ्या अक्षरात 'ब्लेड आहेत' लिहा, पिशवीत न टाकता वेगळा त्यांच्या हातात द्या आणि तोंडानेही सांगा.