काळ्या वावरात ट्रॅक्टरच्या बॅकहोने नाली खोदताना

चहा प्यायला सगळे धुऱ्यावरच्या बाभळीखाली आले आणि मागे धप्प आवाज झाला. साडेचार फूट खोल नालीची एक बाजू, बैलबंडीच्या साटीएवढा एकच ढलपा, खाली बसली होती. दहा मिनिटांआधी तिथेच एक पोरगा उकिडवा बसून पाइपाचं तोंड पुसत होता. सकाळपासून ती बाजू ताठ उभी होती, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. "काही नाही होत भाऊ, आपली माती मजबूत आहे," असं बॅकहो, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडलेलं खोदायचं यंत्र, चालवणारा दादा दोनदा म्हणाला होता.

आपली काळी माती अशीच फसवते. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यात वावरात फिरून पाहा, भेगेत हात कोपरापर्यंत जातो. नालीपासून हात-दीड हातावर अशी भेग असली, तर मधली माती खालून कशालाच धरलेली नसते. वरून ट्रॅक्टर हादरतो, काठावर मातीचा ढीग चढतो आणि ढलपा सुटतो. एक घनमीटर माती दीड टनाहून जास्त भरते. उकिडव्या बसलेल्या माणसाला तीन फुटांची नालीही छातीपर्यंत गाडू शकते, आणि छाती दाबली गेली की डोकं मोकळं असूनही श्वास घेता येत नाही. म्हणून नालीत कोणालाच उतरावं लागू नये, असंच काम पहिल्यापासून आखा.

खोदायच्या आधी

पाइपलाइनला अडीच-तीन फूट खोली पुरते. पल्टी नांगर तिथवर पोचत नाही. गरज नसताना खोल जाऊ नका. शक्यतो वाफसा, म्हणजे माती ना ओली ना कोरडी, असताना खोदा. भर उन्हाळ्यात भेगा आणि पावसात चिखल, दोन्ही वाईट. यवतमाळकडच्या माळावर दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, तिथे काठ बरा टिकतो. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट पाण्याच्या भागात, मात्र काळी माती खोलवर जाते, तिथे जास्त जपा.

फक्कीने रेघ मारा आणि त्या रेघेवरून एकदा पायी चाला. खाली काय आहे ते विचारा. २२ मार्च २०२३ ला केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप सुरू केलं. त्यात खोदायची जागा नोंदवली की तिथे केबल किंवा पाइप असलेल्या संस्थांना निरोप जातो. पण शेजाऱ्याच्या मोटारीची केबल कोणत्याच अ‍ॅपवर दिसत नाही, ती त्यालाच विचारावी लागते. जिथे शंका आहे, तिथे मशीन थांबवून टिकास-फावड्याने हळू उकरा. मुंबई-नागपूर-झारसुगुडा गॅसवाहिनी विदर्भातून जाते. तिच्या खुणेचे खांब जवळ दिसले तर कंपनीला कळवून परवानगी मिळेपर्यंत बकेटचा दात जमिनीला लावू नका.

वरही पाहा. उन्हाळ्यात विजेच्या तारा लोंबतात, आणि बॅकहोचा हात उभा केला की तो वाटतो त्याहून बराच उंच जातो. तारेपासून किमान दहा फूट अंतर ठेवा.

ट्रॅक्टर उभा करताना

बॅकहो नुसत्या तीन-बिंदू जोडावर टांगलेला असेल तर तो उसळून चालवणाऱ्याला ट्रॅक्टरवर दाबू शकतो. चेसीला घट्ट बसवलेल्या फ्रेमवरचाच घ्या. पिना आणि त्यांच्या लॉकपिना स्वतः हलवून बघा. तेलाचं होज (रबरी नळी) गळतंय का हे हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचं तेल कातडीत शिरतं. पंप पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्यावर, चालत असेल तर त्या शाफ्टवर कव्हर हवंच. मिनिटाला ५४० फेऱ्यांचा शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो. गळ्यातला दुपट्टा त्यात सापडला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. उन्हात काम करताना दुपट्टा डोक्याला घट्ट बांधा, लोंबता ठेवू नका.

ट्रॅक्टर रेघेवर सरळ आणि सपाट उभा करा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला, पुढे लोडर असेल तर त्याची बकेट जमिनीवर टेकवलेली. बॅकहोचे दोन्ही टेकायचे पाय जाड फळ्यांवर सोडा. मऊ काळ्या मातीत उघडा पाय एका बाजूला धसतो आणि ट्रॅक्टर कलंडतो.

खोदताना

लिव्हर सीटवर बसूनच चालवा, बाजूला उभं राहून कधीच नाही. पातळ थर काढत या. एकदम खोल दात घातला तर ट्रॅक्टरच मागे ओढला जातो. पायांखालची माती कोरायची नाही. तिथवर आलं की थांबा, पाय उचला, ट्रॅक्टर पुढे घ्या आणि पुन्हा टेकवा. उतारावर असाल तर भरलेली बकेट चढाच्या बाजूला फिरवा.

माती काठापासून निदान पाच फूट दूर टाका. बॅकहोचा हात जेवढा पोचतो, त्या घेऱ्यात कोणीही उभं राहू नये. बघायला लहान पोरं येतातच, त्यांना आधी लांब बसवा आणि मगच इंजिन सुरू करा.

पाइप काठापासून दूर, वरच जोडा. सोल्युशन वाळू द्या आणि मग दोरीने लाइन खाली सोडा. उतरल्याशिवाय भागतच नसेल, तर मशीन बंद करा, काठ दोन्हीकडून उतरते करा आणि शिडी लावा. पाच फुटांहून खोल काळ्या मातीत हा उतार दर फूट खोलीला दीड फूट, दोन्ही बाजूंना. जागा नसेल तर आधाराच्या फळ्या लागतात, त्या बसवणारा जाणकार बोलवा. वर एक माणूस काठावर नजर ठेवून असावा. नवी भेग दिसली की लगेच सगळे बाहेर.

कोणी गाडलं गेलंच तर इंजिन बंद करा आणि १०८ किंवा ११२ ला फोन लावा. बकेटने उकरू नका, आणि घाईने दुसऱ्याने उडी टाकू नका. उरलेली भिंत त्याच्यावर येते. काठावरची माणसं मागे घ्या, भिंतीला आधार द्या, मग आधी तोंड आणि छाती हाताने मोकळी करा.

बुजवताना

नाली शक्यतो त्याच दिवशी बुजवा. रात्री उघडी ठेवावी लागली तर बाभळीच्या काट्या टाका. मोकळं जनावर किंवा रोही (नीलगाय) अंधारात पाय घालतो. पाइपाखाली आणि वर बारीक माती, दगड नको. थराथराने दाबत वर या आणि शेवटी सहा-सात इंच उंच वरंबा सोडा. मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की तो बसतो. तेव्हा रेघेवरून पुन्हा एकदा चाला आणि जिथे खड्डा पडला असेल तिथे दोन घमेली माती टाका.