सिग्नलला तापणारे इंजिन: माझा अनुभव

डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा मध्यावरच स्थिर असला, तरी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे उपकरण) जोडल्यावर माझ्या स्पोर्ट्स कारच्या कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान दसरा चौकातील गर्दीत १०८ अंशांपर्यंत चढते आणि महामार्गावर वेग घेताच ९० वर येते, असे आढळले. धावताना वाऱ्याने रेडिएटर थंड होत होता, म्हणजे संशय गाडी थांबलेली असताना रेडिएटरमधून हवा खेचणाऱ्या पंख्यावरच होता. उद्यमनगरातील मिस्त्रींनी पंख्याला बॅटरीतून थेट वीज दिली, तेव्हा तो व्यवस्थित फिरला. दोष जळालेल्या रिलेत, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचमध्ये होता. रिले बदलली. त्याच वेळी इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडून जुने कूलंट काढले, इथिलीन ग्लायकॉल व डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात भरले (नळाच्या पाण्यातील क्षार आत साचतात) आणि अडकलेली हवा काढली. आता सिग्नलला तापमान ९८ च्या पुढे जात नाही.