मागचे ड्रम ब्रेक उघडताना

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची बाजू जॅकने उचला आणि स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम नको. मग चाक काढा आणि हँडब्रेक सोडा.

ड्रम निघत नसेल तर हातोड्याने ठोकत बसू नका. झिजलेल्या ड्रमला आतून कड पडते आणि शूज (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी) तिच्यात अडकतात, म्हणून आधी ॲडजस्टर, म्हणजे शूज आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू, सैल करा. अनेक ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने पिळले की ड्रम सरळ बाहेर येतो.

धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये (शूजवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते श्वासात जाणं घातक. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा. व्हील सिलिंडरचं, म्हणजे शूज बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचं, रबर उचलून पाहा: आत ब्रेक ऑइल साचलेलं असेल तर सील गेलं. तेल प्यायलेलं लायनिंग धुऊन सुधारत नाही. शूज बदलायचे तर दोन्ही चाकांचे.

एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी स्प्रिंगांचा नमुना म्हणून राहू द्या. आणि ड्रम बाहेर असताना ब्रेक पेडल दाबायचं नाही, व्हील सिलिंडरचे पिस्टन निसटतात.

शेवटी चाक हाताने फिरवत, किंचित घासेपर्यंत ॲडजस्टर आवळा, मग मोकळं फिरेल इतका मागे घ्या.