विहिरीचं पाणी चढत नाही? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात कोकणातल्या जांभ्याच्या विहिरी तळाला जातात आणि काठावरचे पंप नुसतेच घुमायला लागतात. आमचं पाणी ३२ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही अर्ध्या एचपीची मोटर काढून एक एचपीची बसवली. नळ कोरडाच राहिला.

चूक मोटरची नव्हती, समजुतीची होती. पंप पाणी ओढत नाही. तो पाइपातला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १.०३ किलो असतो. तो फार तर १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट पाणी पेलतो. पाइपातलं घर्षण आणि दाब उतरल्यावर होणारी पाण्याची वाफ धरली, तर हाती २० ते २३ फूटच उरतात. मोटर कितीही मोठी आणा, हवा तेवढीच ढकलणार. गेजवर, म्हणजे दाब मोजायच्या काट्यावर, हा हवेचा दाब दिसतही नाही, कारण गेजचा शून्य तिथूनच सुरू होतो.

उपाय दोन. पंप विहिरीत खाली, पाण्यापासून १५ फुटांच्या आत, अँगलवर बसवा (मिरगाआधी वर काढायला विसरू नका, नाहीतर बुडेल), किंवा सबमर्सिबल घ्या. तो पाण्यात राहून खालून ढकलतो.

पाणी १५-१८ फुटांवर असूनही चढत नसेल तर आधी फूटव्हॉल्व्ह बघा, म्हणजे पाइपाच्या तळाची, पाणी परत उतरू न देणारी झडप. पंप बंद ठेवून पाइप भरा. पाणी उतरलं तर तो गळतोय. व्हॉल्व्ह ठीक असेल, तर सक्शनच्या, म्हणजे विहिरीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपाच्या, जोडातून हवा शिरत असू शकते.

दुसरी चूक टाकीची. शॉवरला जोर नाही म्हणून ५०० लिटरची काढून १००० ची बसवतात. दाब साठ्यावर नसतो, पाण्याच्या उंचीवर असतो: मीटरमागे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.१ किलो. टाकीतलं पाणी शॉवरच्या दोनच मीटर वर असेल तर मिळणार ०.२. टाकी उंच करा. पाइप बारीक असेल तर तोही बदला; नळ बंद असताना दाब तेवढाच असतो, पण पाणी वाहू लागलं की घर्षण तो खातं.

स्टँड मात्र भक्कम हवा. १००० लिटर म्हणजे एक टन वजन, त्यात आपल्याकडचा वादळवारा.