फोडाफोडीआधी थर्मल कॅमेरा: घरातील ओल आणि गळतीचा उगम कसा शोधावा

छताच्या कोपऱ्यात पिवळट डाग दिसला किंवा भिंतीच्या रंगाला पोपडे सुटू लागले की बहुतेक इमारतींमध्ये वरच्या मजल्यावरील न्हाणीघराच्या फरशा उखडण्याची चर्चा सुरू होते. पाणी मात्र जिथे शिरते तिथेच बाहेर पडेल असे नसते. स्लॅबमधील भेगांमधून आणि वायरिंगच्या नळ्यांमधून ते कित्येक फूट आडवे सरकते. म्हणूनच छिन्नी-हातोडा हाती घेण्यापूर्वी थर्मल कॅमेऱ्याने तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

या कॅमेऱ्याविषयीचा एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. तो भिंतीच्या आरपार पाहत नाही आणि त्याला पाणीही दिसत नाही. पृष्ठभागातून बाहेर पडणारे, साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपून तो केवळ पृष्ठभागाचे तापमान चित्ररूपात दाखवतो. ओल्या गिलाव्यातील पाण्याची वाफ होताना तिथली उष्णता खर्ची पडते आणि तो भाग भोवतालच्या कोरड्या भागापेक्षा एखाद-दोन अंशांनी थंड राहतो. कॅमेऱ्यात दिसतो तो हा थंडावा. तपासणाऱ्याचे खरे कौशल्य हा फरक ठळक होईल अशी परिस्थिती निर्माण करण्यात आहे.

मुंबईत किंवा कोकणात ऐन जुलैमध्ये हवाच बाष्पाने भरलेली असल्यामुळे बाष्पीभवन मंदावते आणि पूर्ण भिजलेली भिंतसुद्धा कॅमेऱ्यात कोरडी भासू शकते. अशा दिवसांत खिडक्या लावून, संशयित भागावर पंख्याचा झोत अर्धा-पाऊण तास सोडून मग चित्र घ्यावे. एसी चालू करून खोलीतील हवा कोरडी करता येते, पण त्याचा थंड झोत थेट त्या भिंतीवर पडू देऊ नये. पावसाळा संपल्यानंतरचे, भिंती अजून ओल्या पण हवा कोरडी होत आलेली असते ते आठवडे या कामाला सर्वांत अनुकूल असतात.

कॅमेरा हाती आल्यावर पहिली काळजी तापमानाच्या पट्टीची, म्हणजे चित्रातले रंग ज्या तापमान-मर्यादेत वाटले जातात तिची, घ्यावी. पट्टी ‘ऑटो’वर असेल तर खोलीत जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक असला तरी कॅमेरा तो गडद निळ्या-लाल रंगांत ताणून दाखवतो आणि निरोगी भिंतही आजारी वाटू लागते. पट्टी हाताने ठरावीक मर्यादेत, उदाहरणार्थ २४ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये, स्थिर करावी आणि कोरडेपणाबद्दल खात्री असलेली एखादी भिंत तुलनेसाठी आधी टिपून ठेवावी. रंगवलेल्या गिलाव्याची उत्सर्जकता, म्हणजे स्वतःची उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकण्याची क्षमता, (कमाल १ पैकी) ०.९ च्या वर असल्याने तिथले वाचन बरेच विश्वसनीय असते. चकचकीत टाइल्स, काच आणि स्टीलचे नळ यांत मात्र परावर्तन येते. थोडे बाजूला सरकून पाहावे. तापलेला ठिपका आपल्याबरोबर सरकला, तर ते आपल्याच शरीराचे प्रतिबिंब आहे असे समजावे.

न्हाणीघराखालील गळतीसाठी गरम पाण्याची चाचणी उपयोगी पडते. मात्र ती टप्प्याटप्प्यानेच करावी, कारण सगळीकडे एकदम पाणी ओतले तर दोष नेमका कशाचा, हे कळत नाही. प्रथम फरशी कोरडी ठेवून गिझरचे पाणी थेट नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतील सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्यात) सोडावे आणि खालच्या घरात एकाने छताचे चित्र दर पाच मिनिटांनी घ्यावे. ट्रॅपचा किंवा पाइपचा सांधा गळत असेल तर तिथून उष्णतेची रेघ पसरताना दिसते. काहीच दिसले नाही तर ट्रॅपचे तोंड बंद करून फरशीवर पाणी साठवावे. गळती नसतानाही स्लॅब हळूहळू तापतोच, पण ती ऊब सर्वत्र सारखी आणि पुसट कडांची असते; गळतीचा ठिपका वेडावाकडा आणि एका बाजूला झुकलेला असतो. संडास-न्हाणीघराचा स्लॅब खोलगट असून त्यात विटांच्या तुकड्यांचा भराव असेल, तर पाणी खाली पोहोचेपर्यंत थंड होते. अशा ठिकाणी ही चाचणी निर्णायक मानू नये. पाणी रंगवून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी.

गच्चीची तपासणी याच्या उलट पद्धतीने होते. दिवसभर ऊन खाल्लेला कोबा सूर्यास्तानंतर लवकर निवतो, पण त्याखाली पाणी मुरलेले असेल तर तो भाग उष्णता धरून ठेवतो. स्वच्छ आकाश असलेल्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर तास-दोन तासांत, गच्चीवर उबदार बेटे दिसली तर त्यांच्या कडा खडूने आखून ठेवाव्यात.

कॅमेऱ्याचे चित्र हा संशय असतो, पुरावा नव्हे. थंड दिसणारा पट्टा आतील तुळईमुळे किंवा एसीच्या पाइपमुळेही पडू शकतो. म्हणून प्रत्येक संशयित जागी मॉइश्चर मीटर (ओलावा मोजणारे उपकरण) टेकवून पाहावा आणि बोटांनी ठोकून प्लास्टर पोकळ वाजते का ते ऐकावे. ही दुहेरी खातरजमा सोसायटीत फार महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीच्या आणि बाहेरील भिंतींच्या दुरुस्तीचा खर्च संस्थेकडे येतो, तर दोन सदनिकांमधील अंतर्गत गळती संबंधित सभासदांना निस्तरावी लागते. एका रंगीत फोटोच्या आधारे वरच्या शेजाऱ्यांवर ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

ओल विजेच्या डब्यापर्यंत पोहोचली असेल तर तोही तपासावा, पण त्याचे झाकण परवानाधारक वायरमननेच उघडावे. गिझर आणि एसी काही वेळ चालू ठेवून, सारखाच भार असलेल्या एमसीबींची (जादा वीजप्रवाह झाल्यास आपोआप बंद पडणाऱ्या खटक्यांची) एकमेकांशी तुलना करावी. एकाच स्क्रूपाशी उष्णता एकवटलेली दिसली तर बहुधा तिथला जोड सैल आहे.

दुरुस्ती झाल्यावर लगेच रंग देऊ नये, कारण जाड भिंत वाळायला काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. त्याच जागेवरून, त्याच वेळी आणि त्याच तापमानपट्टीवर पुन्हा चित्र घ्यावे, आणि मीटरचे वाचन कोरड्या भिंतीच्या जवळ आल्यावरच प्रायमरचा हात द्यावा.