भांडण बाहेर संपवा, कोर्टात फक्त सह्या: म्युच्युअल घटस्फोट कसा करायचा

आधी ती स्टँपपेपरवाली सोडचिठ्ठी डोक्यातून काढा. प्रत्येक घरात एक तरी काका असतातच जे सांगतात, पाचशेच्या स्टँपवर दोघांनी सह्या करा, नोटरी करा, झालात मोकळे. काहीही मोकळं होत नाही. हिंदू विवाह कायद्यातलं लग्न कोर्टाच्या हुकुमाशिवाय तुटत नाही (काही समाजात काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि कायदा ती मानतो, पण ती पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते), आणि त्या नोटरीच्या भरवशावर कुणी दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल, वर गुन्हा वेगळाच.

म्हणजे कोर्टाची पायरी चुकत नाही, पण पैसे, घर, मुलं हे सगळं बाहेर बसून मिटवता येतं आणि मग कोर्टात दोनदा जाऊन ‘हो, दोघांनाही हवाय’ एवढंच सांगायचं. हे हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब, १९७६ पासून आहे. लग्नच स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालेलं असेल तर त्या कायद्याचं कलम २८, रीत तीच.

अट अशी की किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे. इथे बरेच जण अडतात, की आम्ही तर अजून एकाच घरात आहोत. चालतं. वेगळं म्हणजे नवराबायको म्हणून न राहणं, छप्पर एक असलं तरी, हे सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलंय. आम्ही दोघं सात महिने एकाच टूबीएचकेत दोन खोल्यांत राहिलो, दूधवाल्याचा हिशोब पण वेगळा, कारण पुण्यात दुसरं भाडं परवडत नव्हतं.

आता बोलणी, खरं काम इथेच आहे. घरी बसू नका, एखाद्या शांत हॉटेलात बसा, आजूबाजूला लोक असले की आवाज चढत नाही. एका दिवशी एकच विषय, तासभर, मग उठायचं. आणि लग्न जमवणारे मामा, आत्या, दोन्हीकडच्या आया यांना टेबलावर आणू नका, त्यांना लग्नातल्या मानपानापासून सगळं आठवतं आणि तुमचं राहतं बाजूला. दोघांनाच जमत नसेल तर मीडिएटर घ्या, बऱ्याच जिल्हा कोर्टांत मध्यस्थी केंद्र असतं.

एक मात्र आधीच सांगते, मारहाण, धमक्या असं काही असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. घाबरलेल्या माणसाची संमती ही संमती नसते. १८१ ला फोन करा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, टेबलावर बसायच्या भानगडीत पडू नका.

पैशाचं बोलायच्या आधी दोघांनी यादी करा, पगार, एफडी, पीएफ, पॉलिसी, सोनं, कर्ज, सगळं. स्त्रीधन बायकोचं, त्यात वाटणी नाही, लॉकरमधून काढून यादीवर सही करून द्या. पोटगी एकरकमी ठरली तर हप्ते असे लावा की काही रक्कम अर्ज दाखल करताना आणि उरलेली शेवटच्या तारखेला, डीडीने. कारण शेवटचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, आणि पैसे देऊन बसलेला किंवा पैशाविना सही करून बसलेली, दोघंही मग हात चोळत बसतात.

फ्लॅटचं लोक सगळ्यात जास्त चुकतात. ‘फ्लॅट तिचा, ईएमआय तो भरेल’ असं कागदावर लिहिलंत तरी बँकेला त्याच्याशी देणंघेणं नाही, कर्जावर दोघांची नावं असली तर ती दोघांनाच धरणार. आधी बँकेत जाऊन नाव कमी होतंय का विचारा, मग लिहा. हक्कसोडपत्र रजिस्टर कधी करायचं, खर्च कोण करणार, तेही लिहा.

मुलांचं ‘आठवड्यातून भेटेल’ असं मोघम नको. कुठला वार, किती ते किती, दिवाळी कुणाकडे, गणपतीत कुणाकडे, मे महिन्याची सुट्टी अर्धीअर्धी का, शाळेची फी दरवर्षी वाढते ती कोण देणार, पासपोर्टच्या सह्या, सगळं आत्ताच. बायकोने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा खर्च तिला सोडता येत नाही, तो मुलाचा हक्क आहे.

हे सगळं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या कागदात, उतरवायला एक वकील पुरतो, पण दुसऱ्याने तो मसुदा सही करायच्या आधी आपल्या वेगळ्या वकिलाला दाखवावाच, एका सल्ल्याचे पैसे वाचवू नका. एकमेकांवर केसेस असतील (४९८अ म्हणजे सासरच्या छळाची फौजदारी केस, जी जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली येते, पोटगी, डीव्ही म्हणजे कौटुंबिक हिंसाचार) तर त्या कधी आणि कशा मागे घ्यायच्या हेही त्यातच. ही छळाची केस नुसती ‘मागे घेतली’ म्हणून संपत नाही, ती रद्द करायला हायकोर्टात जावं लागतं.

मग अर्ज. लग्नाचा दाखला, पत्रिका, फोटो, आधार, राहण्याचे पुरावे. फॅमिली कोर्ट असेल तिथे काउन्सेलरसमोर बसावं लागतं, ती विचारते खरंच हवाय का, चिडू नका, तिचं कामच ते आहे. नंतर सहा महिने थांबा. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अमरदीप सिंग केसमध्ये तसं म्हटलंय, पण अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं हवं, पोटगी, मुलांचा ताबा सगळं मिटलेलं हवं आणि जुळवायचे प्रयत्न संपलेले हवेत. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. एकजण परदेशात असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची परवानगी मागता येते.

हुकूम झाला की सर्टिफाइड कॉप्या चार-पाच काढा. मी एकच काढली होती, ती बँकेत दिली आणि परत त्याच खिडकीवर रांगेत उभी. आणि त्याच आठवड्यात पॉलिसी, पीएफ, बँक सगळीकडचे नॉमिनी बदला.